चिनी लढाऊ विमानांवरील इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग रडार कसे ओळखावे आणि त्यांची तुलना कशी करावी

चिनी लढाऊ विमानांच्या रडारची तुलना करायला बसलेले बहुतेक वाचक किलोमीटरच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. एका रडारचा पल्ला 170 किमी, दुसऱ्याचा 400 किमी, म्हणजे दुसरे दुपटीहून सरस, असा सरळ हिशेब मांडला जातो. पण हे दोन आकडे केवढ्या आकाराच्या लक्ष्यासाठी, आकाशाचा किती भाग शोधताना आणि किती खात्रीने दिसण्यासाठी दिले आहेत, हे फारसे कुणी विचारत नाही. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. आधी विमानाची आवृत्ती ओळखावी, मग अँटेनाचा प्रकार ठरवावा, मग त्याचा व्यास आणि त्यावरील घटकांची संख्या काढावी, आणि माहितीपत्रकातला पल्ला सगळ्यांत शेवटी, तोही समान अटींवर आणून, विचारात घ्यावा.

अँटेनाचे प्रकार

लढाऊ विमानाच्या नाकात आज तीन प्रकारचे अँटेना आढळतात. पहिला जुना, यांत्रिक प्रकारचा. यात बहुधा एक सपाट चकती असते, तिच्यावर ओळीने बारीक आयताकृती खाचा असतात आणि ती चकती मोटरच्या साह्याने डावी-उजवीकडे व वर-खाली फिरते. जे-10ए, मूळ जे-11बी आणि रशियाकडून घेतलेली सुखोई-30एमकेके ही विमाने या वर्गात मोडतात.

दुसरा प्रकार पीईएसए, म्हणजे पॅसिव्ह इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग. यात झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो, पण ऊर्जा मात्र एकाच शक्तिशाली ट्रान्समीटरमधून येते. ती हजारभर घटकांमध्ये वाटली जाते आणि प्रत्येक घटकापाशी लहरीची कला, म्हणजे फेज, बदलून झोताची दिशा ठरवली जाते. चिनी हवाई दलात याचे निर्विवाद उदाहरण म्हणजे सुखोई-35 वरील रशियन बनावटीचे इर्बिस-ई. चीनने ही 24 विमाने घेतली आणि 2016 ते 2018 या काळात ती त्याच्या ताब्यात आली.

तिसरा प्रकार एईएसए, म्हणजे ॲक्टिव्ह इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग. यात प्रत्येक घटकामागे स्वतःचे प्रक्षेपक-ग्राहक मॉड्यूल असते. एक मॉड्यूल बिघडले तरी रडार चालू राहते, एकाच वेळी शोध आणि पाठलाग यांची सरमिसळ करता येते, वारंवारता क्षणोक्षणी बदलता येते आणि परत आलेला क्षीण सिग्नल अँटेनाच्या तोंडाशीच वाढवला जात असल्यामुळे तो वाटेत वाया जात नाही. पीईएसए आणि एईएसए यांतला खरा फरक या शेवटच्या मुद्द्यात आणि विश्वासार्हतेत आहे. झोत वळण्याच्या वेगात दोघेही जवळजवळ सारखेच.

विमानाच्या नाकावरचे आवरण काढलेल्या अवस्थेतले छायाचित्र मिळाले, तर यांत्रिक अँटेना लगेच ओळखू येतो, कारण खाचांची चकती आणि तिच्यामागचा फिरता सांगाडा लपत नाही. पीईएसए आणि एईएसए मात्र समोरून इतके सारखे दिसतात, की केवळ दर्शनी ठिपके पाहून निर्णय देणे धोक्याचे आहे. अशा वेळी नजर बाजूला आणि मागे वळवावी. एईएसएचे पॅनेल जाड असते, कारण मॉड्यूल, त्यांना थंड ठेवणाऱ्या पट्ट्या आणि वीजपुरवठा हे सारे पॅनेलच्या पाठीशीच बसवलेले असते; द्रवाने थंड होणाऱ्या रचनेत शीतक द्रवाच्या नळ्यांचे जोड स्पष्ट दिसतात. पीईएसएमध्ये पाठीमागे लहरी वाहून नेणारी धातूची नळी आणि थोडे दूर ट्रान्समीटरचा वेगळा डबा असतो. पॅनेल फिरते की स्थिर आहे, यावरून मात्र प्रकार ठरवू नये. इर्बिस-ई हे पीईएसए असूनही त्याचा अँटेना यांत्रिक पद्धतीने वळतो, आणि एईएसएसुद्धा फिरत्या बैठकीवर बसवता येतो.

आधी विमान ओळखावे

प्रत्यक्षात उघडे नाक क्वचितच पाहायला मिळते. म्हणून विमानाची आवृत्ती ओळखणे हीच निम्मी कामगिरी ठरते, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक गल्लत होते.

जे-10 घराण्यात सुरुवात हवेच्या तोंडापासून करावी. जे-10ए च्या पोटाखालचे हवेचे तोंड चौकोनी असून त्याच्या वरच्या कडेला विमानाच्या पोटापासून वेगळी करणारी फट आणि आधाराच्या पट्ट्या दिसतात. डिसेंबर 2008 मध्ये पहिले उड्डाण केलेल्या जे-10बी पासून ही फट गेली आणि तिथे गोलसर उंचवटा असलेले, फटीविना चालणारे डीएसआय प्रकारचे तोंड आले. नाक अधिक चपटे आणि लंबवर्तुळाकार झाले आणि कॉकपिटच्या काचेपुढे इन्फ्रारेड शोधयंत्राचा गोळा बसला. म्हणजे डीएसआय दिसले, की यांत्रिक रडारचा जे-10ए वगळला गेला. पुढचा प्रश्न बी की सी हा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण जे-10बी वरचे रडार बहुतेक अभ्यासक पीईएसए मानतात, तर जे-10सी वर एईएसए असल्याचे चिनी सरकारी माध्यमांतूनही सांगितले गेले आहे. दोन्ही विमानांचे नाक बाहेरून इतके जवळचे आहे, की इथे केवळ आकारावर विसंबू नये. इंजिनाच्या नळकांड्यावरून ठरवण्याची सवयही सोडावी: आज जे-10सी वर चिनी डब्ल्यूएस-10 इंजिन असते हे खरे, पण सुरुवातीच्या जे-10सी रशियन एएल-31 इंजिनावरच उडाल्या. इंजिन आणि रडार ही दोन स्वतंत्र कालरेषांवर बदललेली अंगे आहेत. विमानाची तुकडी, बॅचचा क्रमांक आणि छायाचित्राचा काळ जुळवूनच निर्णय घ्यावा. पाकिस्तानच्या बाबतीत काम सोपे आहे, कारण मार्च 2022 मध्ये त्यांच्या हवाई दलात दाखल झालेली सर्व विमाने जे-10सीई या निर्यात आवृत्तीचीच आहेत.

सुखोईच्या सांगाड्यावर बेतलेल्या, शेनयांग या चिनी कंपनीच्या विमानांत काम अधिक बारकाईचे आहे, कारण जे-11बी, जे-11बीजी, जे-15 आणि जे-16 लांबून सख्खी भावंडे दिसतात. जे-11बी चे नाक बहुधा काळे असते. एईएसए बसवून सुधारलेल्या जे-11बीजी चे नाक फिकट रंगाचे दिसते. हा संकेत उपयोगी आहे, पण तो रंगाचा आहे, रडारचा नव्हे, हे विसरू नये. आवरण बदलले की रंग बदलतो, आणि रडार न बदलताही आवरण बदलता येते. जे-16 हे दोन आसनी विमान आहे. त्याच्या नेहमीच्या उत्पादनातील विमानांच्या नाकाच्या टोकावर वेग मोजणारी पिटो नळी नाही. ती नाकाच्या बाजूंना हलवलेली आहे. झोताच्या ऐन वाटेत धातूची नळी आणि तिच्या तारा असल्या, की झोताच्या कडेला नको असलेली ऊर्जा पसरते, म्हणून संवेदनशील रडार असलेल्या विमानांत ही नळी टोकावरून काढतात. मात्र सुखोई-35 चेही टोक स्वच्छ आहे आणि त्यावर पीईएसए आहे. तेव्हा स्वच्छ टोक पाहून रडार इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंगचे असण्याची शक्यता वाढली एवढेच म्हणावे; ते एईएसएच आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

जे-16डी हे इलेक्ट्रॉनिक युद्धाचे विमान आहे. सप्टेंबर 2021 मध्ये चीनमधील झुहाईच्या हवाई प्रदर्शनात ते जवळून पाहायला मिळाले. पंखांच्या टोकांवर क्षेपणास्त्रांऐवजी लांबट पॉड आहेत, तोफ आणि इन्फ्रारेडचा गोळा काढलेला आहे आणि नाकाच्या आवरणाचा आकारही बदललेला आहे. याच्या नाकाची मापे घेऊन ती साध्या जे-16 ला लावणे ही चूक टाळावी. नौदलाच्या जे-15 मध्ये जुनी आणि नवी आवृत्ती ओळखायची असेल, तर पुढचे चाक पाहावे: कॅटापल्टने, म्हणजे जहाजावरच्या ढकलयंत्राने, उड्डाण करणाऱ्या जे-15टी च्या पुढच्या चाकाच्या दांड्याला ओढपट्टी असते, जुन्या जे-15 ला नसते. नवे रडार या नव्या आवृत्तीबरोबरच आल्याचे मानले जाते.

जे-20 आणि जे-35ए यांच्या बाबतीत प्रकाराविषयी वादच नाही. जानेवारी 2011 मध्ये पहिल्यांदा उडालेले जे-20 आणि नोव्हेंबर 2024 मध्ये झुहाईला जाहीरपणे दाखवलेले जे-35ए ही दोन्ही रडारला कमी दिसावीत म्हणून घडवलेली विमाने आहेत, आणि अशा विमानात फिरती चकती ठेवणे म्हणजे समोरच्याच्या रडारसाठी नाकात आरसा ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या मॉड्यूलच्या संख्येचे जे आकडे फिरतात, ते चीनने जाहीर केलेले नाहीत. ते नाकाच्या मापांवरून बांधलेले अंदाज आहेत आणि तसेच वाचावेत.

उघड माहिती सर्वाधिक मिळते ती निर्यातीसाठी मांडलेल्या रडारची. नानजिंगच्या इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे, म्हणजे सीईटीसी या सरकारी इलेक्ट्रॉनिक उद्योगसमूहाच्या 14 व्या संस्थेचे, केएलजे-7ए हे चीन-पाकिस्तानच्या जेएफ-17 या हलक्या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या ब्लॉकसाठीचे, म्हणजे तिसऱ्या उत्पादन आवृत्तीसाठीचे, एईएसए आहे. नाव जवळचे असल्यामुळे त्याची जुन्या केएलजे-7 शी सतत गल्लत होते. केएलजे-7 हे यांत्रिक रडार आहे आणि जेएफ-17 च्या आधीच्या ब्लॉकवर आहे. दुसरी मोठी संस्था वूशी येथील लेइहुआ, म्हणजे एव्हिक या सरकारी विमान उद्योगसमूहाची 607 वी संस्था. तिने 2018 च्या झुहाई प्रदर्शनात एलकेएफ601ई हे हवेने थंड होणारे एईएसए मांडले. एखाद्या बातमीत फक्त चिनी एईएसए एवढाच उल्लेख असेल, तर ते या दोन संस्थांपैकी कोणाचे, हे आधी शोधावे, कारण रचना, शीतकरण आणि नावे देण्याची पद्धत दोघींची वेगळी आहे.

व्यास आणि घटकांची मोजणी

लढाऊ विमानांची ही रडार साधारण 8 ते 12 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. 10 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 3 सेंमी होते. झोत बाजूला 60 अंशांपर्यंत वळवताना खोटे झोत तयार होऊ नयेत यासाठी दोन घटकांमधले अंतर तरंगलांबीच्या निम्म्याजवळ, म्हणजे दीड सेंमीच्या आसपास, ठेवावे लागते. ही भौतिकशास्त्राची अट आहे. ती कोणत्याही देशाच्या अभियंत्याला चुकवता येत नाही, आणि म्हणूनच बाहेरून अंदाज बांधणाऱ्याच्या हाती ती सर्वांत भक्कम साधन देते.

समजा गोल पॅनेलचा व्यास 60 सेंमी आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2,827 चौरस सेंमी. प्रत्येक घटकाला दीड गुणिले दीड, म्हणजे 2.25 चौरस सेंमी जागा दिली, तर जास्तीत जास्त सुमारे 1,257 घटक बसतात. व्यास 90 सेंमी केला, तर हीच संख्या सुमारे 2,827 होते. या संख्या कमाल मर्यादा म्हणून वापराव्यात, अंदाज म्हणून नव्हे. याचा पडताळा इर्बिस-ई वरून घेता येतो: त्याचा व्यास 90 सेंमी असूनही घटक 1,772 आहेत, म्हणजे मर्यादेच्या दोन तृतीयांशाहूनही थोडे कमी. कोणी 60 सेंमीच्या नाकात दोन हजार मॉड्यूल असल्याचे लिहिले, तर पुढे वाचण्याची गरज उरत नाही.

प्रदर्शनात ठेवलेल्या पॅनेलचे समोरून काढलेले स्पष्ट छायाचित्र मिळाले, तर थेट मोजणी करावी. मधली आडवी ओळ आणि मधली उभी ओळ मोजावी, दोन्ही संख्यांचा गुणाकार करावा आणि पॅनेल गोल असेल तर त्याला 0.785 ने गुणावे. दोन्हीकडे 38 घटक असतील, तर 1,444 गुणिले 0.785, म्हणजे सुमारे 1,130 घटक. इथे दोन गोष्टींवर बारीक लक्ष ठेवावे लागते. अनेक पॅनेलमध्ये एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली असते, त्यामुळे उभी मोजणी करताना वाकडीतिकडी ओळ सरळ समजून दुप्पट संख्या येऊ शकते. दुसरे असे, की कडेच्या रांगेतील काही घटकांमागे मॉड्यूलच नसते. ते केवळ कडेच्या घटकांचे वर्तन मधल्यांसारखे राहावे म्हणून ठेवलेले असतात. म्हणून मोजून आलेल्या संख्येतून कडेची एक रांग वजा करून दुसरा आकडा काढावा आणि उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे असे लिहावे.

विमान उभे असतानाच्या छायाचित्रावरून नाकाचा व्यास काढायचा असेल, तर अगदी बाजूने काढलेलेच चित्र घ्यावे आणि मोजपट्टी म्हणून त्याच प्रतलातील ज्ञात मापाची वस्तू निवडावी. पंखाखालचे क्षेपणास्त्र हे मोहात पाडणारे माप आहे, पण ते कॅमेऱ्याला नाकापेक्षा जवळ किंवा दूर असते आणि त्यामुळे मापात सहज मोठी चूक होते. आवरणाच्या सांध्याजवळचा बाहेरचा व्यास मिळाला, तरी तो अँटेनाचा व्यास नव्हे. आवरणाची जाडी आणि भोवतीची मोकळी जागा वजा करावीच लागते. पॅनेल मागे कललेले असेल, तर त्याची प्रत्यक्ष उंची सांध्याच्या उभ्या छेदापेक्षा थोडी अधिक असू शकते.

पल्ला समान अटींवर आणणे

रडारचा पल्ला लक्ष्याच्या आरसीएसच्या, म्हणजे ते लक्ष्य रडारला केवढे दिसते त्या क्षेत्रफळाच्या, चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. इर्बिस-ई च्या निर्मात्याने 3 चौरस मीटरच्या लक्ष्यासाठी 350 ते 400 किमी आणि 0.01 चौरस मीटरच्या लक्ष्यासाठी 90 किमी असे आकडे दिले आहेत. पहिल्या लक्ष्याचे क्षेत्र दुसऱ्याच्या 300 पट आहे; 300 चे चौथे मूळ सुमारे 4.16, 400 ला त्याने भागले तर 96 येते. म्हणजे हे दोन दावे एकमेकांशी सुसंगत आहेत. मात्र हा मोठा पल्ला आकाशाच्या 100 चौरस अंशांच्या अरुंद भागात सगळी शक्ती ओतल्यावरचा आहे. 300 चौरस अंश शोधताना निर्माताच 200 किमी सांगतो. केएलजे-7ए साठी सांगितला जाणारा आकडा 170 किमी आहे. लक्ष्याचा आकार आणि शोधाचे क्षेत्र माहीत नसताना तो 400 शेजारी ठेवणे निरर्थक आहे. ठेवायचाच असेल तर 200 शेजारी ठेवावा, आणि तेव्हा चित्र पार बदलते. समजा 170 किमी हे 5 चौरस मीटरसाठी असेल, तर 1 चौरस मीटरच्या लक्ष्यासाठी ते सुमारे 114 किमी आणि 0.1 चौरस मीटरसाठी सुमारे 64 किमी होते. असा तक्ता स्वतः करून पाहिल्याशिवाय हे चौथे मूळ अंगवळणी पडत नाही.

अँटेनाच्या आकाराचा परिणाम दोन वेगळ्या नियमांनी मोजावा लागतो, आणि तुलना करणारे इथेच सर्वाधिक घसरतात. एकाच तंत्रज्ञानाचे दोन एईएसए घेतले आणि दोन्हींनी एका ठरलेल्या दिशेला सारखाच वेळ रोखून पाहिले, तर पल्ला व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो, कारण मोठ्या अँटेनात एकूण शक्ती, पाठवतानाची एकाग्रता आणि परत येणारा सिग्नल झेलण्याचे क्षेत्र अशा तिन्ही गोष्टी वाढतात. त्या हिशेबाने 60 सेंमीऐवजी 90 सेंमीचा अँटेना सुमारे 84 टक्के अधिक दूर पाहतो. पण ठरावीक वेळात आकाशाचा ठरावीक पट्टा शोधून काढायचा असेल, तर मोठ्या अँटेनाचा झोत अरुंद असल्यामुळे त्याला अधिक जागी थांबावे लागते. 60 सेंमीच्या अँटेनाचा झोत साधारण 3 अंशांचा, 90 सेंमीचा 2 अंशांचा. 120 गुणिले 10 अंशांच्या पट्ट्यासाठी पहिल्याला सुमारे 133 जागा पुरतात, तर दुसऱ्याला 300 लागतात. त्यामुळे शोधाच्या कामात पल्ला फक्त व्यासाच्या प्रमाणात, म्हणजे 50 टक्क्यांनीच वाढतो. जेएफ-17 आणि जे-16 यांची तुलना करताना कोणत्या कामाविषयी बोलत आहोत, हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

मॉड्यूलची शक्ती यापुढे बरीच दुबळी ठरते. जुन्या गॅलियम आर्सेनाइडऐवजी गॅलियम नायट्राइड हा नवा अर्धवाहक वापरून प्रत्येक मॉड्यूलची शक्ती दुप्पट केली आणि बाकी काही बदलले नाही, तर पल्ला सुमारे 19 टक्केच वाढतो. गॅलियम नायट्राइड आहे की गॅलियम आर्सेनाइड, हे बाहेरून दिसत नाही आणि त्यावर वाद घालण्यात जितका वेळ जातो तितके त्याचे मोल नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा शीतकरणाकडे पाहावे. हवेने थंड होणाऱ्या पॅनेलला जुन्या विमानात द्रवाची नवी यंत्रणा न बसवता जागा मिळते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण उष्णता बाहेर टाकण्याची मर्यादा लवकर येते, आणि म्हणून सरासरी शक्तीही मर्यादित राहते. सारख्याच व्यासाच्या दोन पॅनेलपैकी एक हवेने आणि दुसरे द्रवाने थंड होत असेल, तर इतर माहिती नसतानाही दुसऱ्याला झुकते माप द्यावे.

कोनाची अटही विसरू नये. स्थिर पॅनेल 60 अंश बाजूला पाहते तेव्हा त्याचा प्रभावी आकार निम्मा होतो आणि पल्ला समोरच्या तुलनेत 30 ते 40 टक्क्यांनी घटतो. केएलजे-7ए ची फिरत्या बैठकीची आणि बाजूंना जादा पॅनेल लावलेली रूपेही याच उणिवेवर उपाय म्हणून मांडली गेली. इर्बिस-ई जुन्या पिढीचे असले, तरी यांत्रिक वळणामुळे ते बाजूला 120 अंशांपर्यंत पाहू शकते; क्षेपणास्त्र सोडून विमान आडवे वळवणाऱ्या वैमानिकासाठी हा मोठाच लाभ आहे. एकाच वेळी 15 लक्ष्यांचा पाठलाग आणि 4 वर मारा, अशा आकड्यांना मात्र तुलनेत फार स्थान देऊ नये, कारण ते अँटेनापेक्षा संगणक, सॉफ्टवेअर आणि क्षेपणास्त्राशी असलेला डेटा-दुवा यांच्यावर ठरतात.

शेवटी प्रत्येक विमानासाठी एकच आकडा न लिहिता एक पट्टा लिहावा: 1 चौरस मीटरचे लक्ष्य, 60 अंशांच्या आतली दिशा, शोधाचे काम की रोखून पाहण्याचे काम, आणि त्या अटींवरचा किमान व कमाल पल्ला. दोन विमानांचे पट्टे एकमेकांवर बरेचसे चढत असतील, तर त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. केवळ नाकातील जागेकडे पाहिले, तर जेएफ-17 सर्वांत खाली, जे-10सी त्याच्या वर, आणि जे-16 व जे-20 सर्वांत वर, हा क्रम टिकतो. जे-16 आणि जे-20 यांच्यातला क्रम मात्र उघड मापांवरून लावता येत नाही, आणि तिथे दोन्ही नावे एकाच रांगेत ठेवावीत. या पट्ट्यांशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: केजे-500 सारख्या टेहळणी विमानाकडून डेटा-दुव्याने लक्ष्याची माहिती मिळण्याची सोय आहे की नाही. ती असेल, तर लढाऊ विमान स्वतःचे रडार बराच वेळ बंद ठेवू शकते, आणि त्या लढतीत नाकातल्या पॅनेलचा पल्ला पहिला निकष राहत नाही.